भोंग्याची आई

चादरीची दोन टोकं गेस्टहाउसच्या मालकिणीच्या हातात होती आणि दोन त्याच्या, आणि चादर झटकता झटकता ती बाई त्याला त्याच्या मित्राची, भोंग्याची, आई कशी वारली ते सांगत होती. आधी त्याला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चुकतंय. दोघांनाही मोडकीतोडकी येणाऱ्या तिसऱ्याच भाषेत बोलणं चाललं होतं, शब्द मागेपुढे होत होते. भोंग्याची आई तर चांगली धडधाकट होती. प्रवासाला निघायच्या आदल्या दिवशी त्याने तिला जिन्यात पाहिलं होतं, भाजीवाल्याशी हुज्जत घालताना. पण मालकीण म्हणाली, "दवाखान्याची वरची खिडकी. लहान मुलांना आत सोडत नव्हते. खाली अंगणात हा आणि ह्याचे वडील. आणि खिडकीतून आईचा हात." तिने एक टोक सोडून स्वतःचा हात वर केला. ही भोंग्याची आई नव्हती. ही त्याची स्वतःची होती.

"नीट धर ना, सुरकुती पडली," मालकीण म्हणाली आणि सांगत राहिली. "रोज संध्याकाळी हात हलायचा. पिवळा रुमाल असायचा हातात. आणि एक दिवस रुमाल तोच, पण हात वेगळा. दुसऱ्याच बाईचा. आई गेली होती, आणि पोराला कळू नये म्हणून…" तिचा आवाज भरून आला. पुढची घडी घालायला दोघांना एकमेकांजवळ यावं लागलं, तेव्हा तिच्या डोळ्यांतलं पाणी त्याला दिसलं. "एवढं बोलणारं, एवढं हसवणारं पोर, आणि आत हे असं. तुला तर माहीतच असणार. तू मित्र ना त्याचा?"

"हो," तो म्हणाला. "माहीत आहे."

तो भोंग्याचा मित्र होता हे खरं. या परक्या देशात त्याची तेवढीच ओळख होती. घरी तो दातांच्या लॅबमध्ये कामाला होता. डॉक्टर लोक तोंडाचे साचे पाठवत, तो त्यांच्यावर गुलाबी मेण चढवी, एकेक दात बसवी, छटांच्या पट्टीशी रंग जुळवून बघी. माणसाचा चेहरा न बघता त्याचं हसू तयार करायचं, असं ते काम. भोंग्याने म्हणून त्याचं नाव कवळ्या ठेवलं होतं, आणि शाळेपासून मोठ्याने बोलणाऱ्या मित्राला भोंग्या म्हणायचं हे वर्गानेच ठरवलं होतं. भोंग्या फरश्यांच्या दुकानात विक्रीला होता. फरशी विकताना तो गिऱ्हाइकाला त्याच्या अजून न बांधलेल्या घरात फिरवून आणी, इथे तुमची आरामखुर्ची, इथे नातवंडं लोळतायत, आणि माणूस डोळ्यांत पाणी आणून फरशी घेऊन जाई. एका दुपारी तो लॅबमध्ये आला, टेबलावरची कवळी उचलून तिच्याकडून वदवलं, "चल कवळ्या, महिनाभर. पाठीवर एकेक सॅक, बाकी काही नाही. उठायचं आणि चालायला लागायचं." लॅबमधली सगळी हसली. तोही हसला, आणि हो म्हणाला. नंतर बरेच दिवस त्याला वाटत होतं, आपल्या आधी ह्याने कोणाकोणाला विचारलं असेल, आणि ते सगळे नाही म्हणाल्यावर आपल्याकडे आला असेल का.

निघाल्यावर पहिले काही दिवस फार चांगले गेले. अनोळखी गावात बसमधून उतरायचं, कुठल्या बाजूला वळायचं तेही ठाऊक नसायचं, आणि खांद्यांना पट्टे रुतलेले असताना त्या माहीत नसण्याचंच एक सुख वाटायचं. पाव आणि उकडलेली अंडी खात पायरीवर बसलेले ते दोघे, बस्स. पण भोंग्याला दोघांत करमत नसे. जिथे उतरत तिथल्या बैठकीच्या खोलीत तो शिरला की थोड्याच वेळात खुर्च्या हलू लागत, माणसं त्याच्या बाजूला सरकत. भाषा त्यालाही धड येत नव्हती, पण ती चुकायची त्याला लाज नव्हती, आणि माणसांना ते चुकणंच आवडायचं. "बॅगांकडे बघ रे जरा," असं म्हणून तो कोणाबरोबर तरी कुठेतरी जाई. हा बॅगांकडे बघत बसे. दोन सॅका शेजारी शेजारी टेकून ठेवलेल्या असत आणि त्याला वाटे, भोंग्याची सॅकसुद्धा आपल्या सॅकपेक्षा ऐटीत बसते. असल्या विचारांचं त्याला हसू यायचं, पण विचार काही जात नसे.

मग एका बोटीवर एक शिक्षिका भेटली. कठड्याला टेकून उभी होती, एकटीच फिरत होती, आणि तिने आपण होऊन त्याला विचारलं, तू काय करतोस? त्याने कवळ्यांचं सांगितलं. तिला नवल वाटलं, तिने आणखी विचारलं, आणि त्याला स्वतःलाच खरं वाटेना इतका तो बोलत गेला. त्याने तिला त्या म्हाताऱ्याचं सांगितलं, ज्याला नव्या कवळीत पुढच्या दोन दातांमध्ये जुन्यासारखीच फट हवी होती, कारण बोलताना त्या फटीतून शीळ वाजायची आणि बायको त्याला शिळेवरून ओळखायची. शिक्षिका हसली. वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते, ते बाजूला सारून ती हसली, आणि त्याला वाटलं, हा प्रवास आपला झाला. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सगळे जमले असताना भोंग्याने तीच गोष्ट काढली. "आमच्याकडे एक म्हातारा आला होता." आमच्याकडे! भोंग्या उठून उभा राहिला, म्हाताऱ्यासारखा वाकला, गाल आत ओढले, आणि प्रत्येक शब्दाबरोबर शीळ वाजवत डॉक्टरशी भांडला, मग बायको झाला आणि स्वयंपाकघरातून कान टवकारले. टेबल नुसतं हादरत होतं. शिक्षिकेने तर दोन्ही हात तोंडावर घेतले. तिने ती गोष्ट आधी ऐकलेली होती, म्हाताऱ्याची कवळी ज्याने स्वतःच्या हाताने घासली त्याच्याकडून ऐकलेली होती, आणि दुसऱ्यांदा ऐकताना ती जास्त हसली.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर तो म्हणाला, "मी जरा एकटा फिरावं म्हणतो."

"बरं," भोंग्या म्हणाला.

ह्याने कितीतरी उत्तरं तयार ठेवली होती. का, काय झालं, असं विचारलं तर काय सांगायचं, हात धरून ओढलं तर किती वेळाने ऐकायचं. एवढ्या पटकन बरं म्हणायची काय गरज होती? भोंग्याने चाकूने साबणाची वडी मधोमध कापली आणि अर्धी त्याला दिली. चांगली बॅटरी पण दिली. "तू डोंगराकडे जा, मी तळ्याकडे जातो. जपून रे," म्हणाला, आणि बस हलायच्या आत शेजारच्या माणसाशी बोलायलाही लागला होता.

एकटं फिरणं वाईट नव्हतं. कुठे थांबायचं, कधी उठायचं, कोणाला विचारायचं नाही. एका गावात तो अर्धा दिवस नुसता दगडी पुलावर बसून राहिला, पाण्यात पाय सोडून कपडे धुणाऱ्या बायांकडे बघत, आणि कोणी त्याला एक शब्द विचारला नाही. पण जे बघेल ते तो मनातल्या मनात भोंग्याला सांगत होता, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याचा संताप झाला. डोंगराकडचा रस्ता खचलाय असं कोणीतरी बोललेलं त्याने अर्धवट ऐकलं आणि लगेच खरं मानलं. तळ्याच्या बाजूला वळला. प्रत्येक गावात तो सहज विचारावं तसा विचारी, असा असा एक जण, मोठ्याने बोलणारा, इकडे आला होता का? आणि समोरचा चेहरा उजळे. पाववाला हातातलं पीठ झटकत दुकानाबाहेर आला, "तो? कुठे आहे तो?" एका ट्रकवाल्याने तर गाडी थांबवून त्याला आत घेतलं, वाटभर भोंग्याच्या नकला करून दाखवल्या. तू त्याचा मित्र? मग बस, खा, झोप. तो बसायचा, खायचा, झोपायचा. भोंग्या पुढे जाऊन सगळ्या देशाला आपलंसं करत होता आणि हा मागून त्याचं उरलेलं वेचत चालला होता.

आणि आता ही बाई, ही दोरीवरची पांढरी धुणी, आणि तिच्या तोंडून त्याची आई.

खरं तर ते असं होतं. तो दुसरीत होता. संसर्गाचा वॉर्ड होता म्हणून मुलांना मनाई. बाबा कामावरून सुटले की त्याला घेऊन दवाखान्याच्या अंगणात येत, तिथे एका गळक्या नळाजवळ ते उभे राहत. आधी आई खिडकीत उभी दिसायची. मग तिला उभं राहवेना, तेव्हा नुसता हात. आईची हात हलवायची तऱ्हा वेगळी होती, तान्ह्या बाळाला करतात तशी ती मूठ उघडायची आणि मिटायची. त्या दिवशी पिवळा रुमाल आला, आणि त्यामागचा हात काच पुसावी तसा आडवा हलला. त्याला तिथेच कळलं. कसं कळलं, काय कळलं, ते शब्दांत नव्हतं, पण पायांना कळलं, पोटऱ्या थंड पडल्या. त्याने बाबांकडे बघितलं. बाबा मान वर करून, दात दिसतील इतकं हसत, वर हात हलवत होते. "बघ बघ, आई हलवतेय. हलव, तूही हलव," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा होता की त्याने हात हलवला. पुढचे काही दिवस ते रोज येत राहिले. बाबांना सांगायला तोंड होत नव्हतं आणि त्याला विचारायला. परतताना बसमध्ये बाबा त्याला खिडकीची जागा द्यायचे आणि बिस्किटाचा पुडा. तो हात मावशीचा होता हे त्याला बऱ्याच वर्षांनी समजलं, मावशी गाडीच्या खिडकीतून तसाच आडवा हात हलवून निरोप देत असताना. बाबा गेले तेही हे न जाणता, की आपल्या पोराला पहिल्याच दिवशी सगळं कळलं होतं.

हे त्याने जन्मात एकट्या भोंग्याला सांगितलं होतं, कॉलेजात असताना, वीज गेली म्हणून गच्चीवर जाऊन बसले होते तेव्हा. आणि भोंग्या एक अक्षर बोलला नव्हता. भोंग्यासारखा माणूस गप्प बसला, आपल्यासाठी गप्प बसला, ही गोष्ट त्याने इतकी वर्षं ठेवणीतल्या वस्तूसारखी जपली होती. कितीही राग आला तरी ती आठवली की राग उतरायचा. आता त्याला वाटलं, गप्प कसला, तो पाठ करत होता.

"आणि मग त्या पोराने काय केलं असेल?" मालकीण म्हणाली. "मग ते एवढंसं पोर…"

"ती माझी आई," तो म्हणाला.

"काय?"

"खिडकीतली. ती माझी आई होती. त्याची जिवंत आहे. रोज भांडते भाजीवाल्याशी."

मालकीण थांबली. तिने चादर त्याच्या हातातून हलकेच काढून घेतली आणि छातीशी धरून एकटीनेच तिची घडी केली. तिला राग आला नव्हता. तिच्या नजरेत कीव होती, आणि ती बघून त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "हात असा हलायचा," तो घाईने म्हणाला आणि मूठ उघडून मिटून दाखवली. "हे बघा, असा. आडवा नाही, असा."

"हो. त्यानेही असाच करून दाखवला," ती म्हणाली. मग त्याच्या दंडावर हात ठेवला. "बाळा, तो मला सांगून गेलाय. माझा एक मित्र मागून येईल, अबोल आहे, मनाचा चांगला आहे, त्याला चांगली खोली द्या. म्हणून तर तुला तळ्याकडची दिली. दुसऱ्याचं सगळं आपलं असावं असं वाटतं कधीकधी. पण त्याचं हसणं घे, बोलणं घे. आई घेऊ नये रे."

त्याला हसू फुटलं. ते आवरेना, आणि त्या हसण्याने तर तिची खात्रीच पटली असणार. ज्याच्याकडे चोरी झाली त्यालाच चोर ठरवून ती बाई त्याला क्षमाही करून मोकळी झाली होती. खोलीत जाऊन त्याने सॅक भरली. खिडकीबाहेर तळं चकाकत होतं, त्याच्याकडे त्याने बघितलं नाही, कारण तेही भोंग्याने दिलेलं होतं. मालकिणीनेच सांगितलं, तो बंदराच्या गावाला गेलाय. बसमध्ये तो भोंग्याला काय काय बोलायचं ते जुळवत होता, आणि मध्येच त्याच्या मनात दुसरंच येत होतं, की बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण सांगितलं असतं तर आलं असतं? आपण सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, अरेरे, आणि पुढची चादर उचलली असती. आपल्याच आईचं मरण भोंग्या आपल्यापेक्षा चांगलं सांगतो, याचा त्याला जो जळफळाट झाला त्याची त्याला इतकी शरम वाटली की शेजारच्या माणसाला आपलं मन ऐकू जाईल म्हणून तो अंग चोरून बसला.

बंदरावर एका खानावळीच्या काचेतून त्याला भोंग्या दिसला. एकटाच बसला होता. समोर अर्धा खाल्लेला पाव, शेजारच्या खुर्चीवर सॅक. कोणी बघत नसताना भोंग्या कसा दिसतो, हे त्याने आजवर कधी पाहिलंच नव्हतं. चेहरा विझल्यासारखा होता, खांदे उतरलेले, आणि साखरेच्या पुडीवरची अक्षरं, जी त्याला वाचता येत नव्हती, ती तो पुन्हा पुन्हा वाचत होता. दुकान बंद झाल्यावर फरश्यांमध्ये उभा असेल तर असाच दिसत असेल. क्षणभर त्याला वाटलं, मागे फिरावं. इतकी वर्षं आपण जळलो ते ह्याच्यावर? पण भोंग्याने मान वर केली आणि दिवा लागावा तसा तो लागला.

"कवळ्या! अरे कवळ्या!" तो खुर्ची पाडत उठला. त्याच्या आनंदात खोट नव्हती, आणि तेच सहन होण्यासारखं नव्हतं.

"माझी आई तू त्या बाईला सांगितलीस."

भोंग्याने पडलेली खुर्ची उचलली, नीट लावली. "हो," तो म्हणाला. "बस."

"बसत नाही. आणखी कोणाकोणाला सांगितलीस?"

"बऱ्याच जणांना." तो खाली बघत म्हणाला. "गावाकडेही. दुकानात एकदा. सुरुवातीला मी माझ्या मित्राची आई, असंच म्हणायचो, आईशप्पत. पण मित्राची म्हटलं की लोक अरेरे म्हणतात आणि जेवायला लागतात. माझी म्हटलं की थांबतात."

"तुला तुझी आहे ना एक?"

"आहे ना. आम्ही पाच भावंडं. मला हाक मारायची तर आधी दोघांची नावं घेते, मग माझं सापडतं. फोन केला की विचारते, जेवलास का, आणि उत्तर द्यायच्या आत बाबांकडे देते." तो हसायला गेला, जमलं नाही. "तू गच्चीवर सांगितलंस ना, त्या दिवशी मी घरी गेलो तर सगळे जेवून झोपले होते. माझं ताट झाकलेलंसुद्धा नव्हतं. मला इतका हेवा वाटला तुझा. हसू नकोस. एवढी मोठी माणसं, बाप, मावशी, नर्सा, वॉर्डबॉय, सगळी मिळून तुझ्याशी खोटं बोलत होती. रोज. माझ्याशी खोटं बोलायची तसदी कधी कोणी घेतली नाही रे."

हा हसत नव्हता. त्याला कळेना की आपण काय करतोय, पण खुर्ची ओढून तो बसला होता. आयुष्यभर ज्याच्यावर आपण जळत आलो तो आपल्यावर जळत होता, आणि कशावर, तर त्या अंगणावर, त्या गळक्या नळावर. मार बसावा तसं ते बसलं. राग होता, जिथल्या तिथे होता, पण त्याच्या बाजूने दुसरंही काही शिरत होतं. नर्सा. त्यात नर्सा असणारच, वॉर्डबॉय असणार, कोणीतरी मावशीला आत सोडलं असणार, रुमाल शोधून दिला असणार. हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"सांग," तो म्हणाला.

"काय?"

"त्या बाईला सांगितलीस तशी सांग. मी शेवट ऐकला नाही."

"सोड ना कवळ्या."

"सांग म्हणतो ना."

भोंग्याने पावाचा तुकडा बाजूला सारला. पहिल्यांदा त्याचा आवाज बसका लागला, मग हळूहळू सापडला. अंगण आलं, बाप आला. खिडकीला भोंग्याने निळा पडदा लावला होता, आणि तो पडदा ऐकता ऐकता ह्याला दिसला, आणि पुढे जन्मभर पुसता येणार नाही असा दिसला. हात आला, मूठ उघडली, मिटली. खानावळीतला पोऱ्या नव्हे, मालकच टेबल पुसता पुसता थांबला, भाषा कळत नसताना. मग तो दिवस आला, आणि रुमाल आडवा हलला.

"आणि ते पोर ओरडतं," भोंग्या म्हणाला. "सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं. ही माझी आई नाही! माझी आई कुठे आहे? वरचा हात तसाच थांबतो. बाप खाली बसतो, मातीत, ऑफिसच्या कपड्यांत. आणि मग त्या पोराला उचलून घेतो, घट्ट, आणि दोघंही रडतात. भर अंगणात. लोक बघतायत, त्यांना फिकीर नाही."

भोंग्या थांबला. तो बाहेर बघत होता, डोळे भरले होते, आणि ते भरणं खोटं नव्हतं. समोर बसलेल्याच्या मनात आलं, असं झालं नाही. मी ओरडलो नाही. मी हात हलवला, आणि बाबा हसत होते, आणि आम्ही बसने घरी गेलो, आणि त्यानंतर बाबांनी मला कधीही उचलून घेतलं नाही, मी त्यांना कधी रडताना बघितलं नाही. हे सगळं त्याला सांगायचं होतं. पण मातीत बसलेला बाप त्याला दिसत होता, त्याच्या शर्टाला येणारा घामाचा वास येत होता, आणि त्याच्या खांद्यावर तोंड खुपसून हमसून हमसून रडणारं ते ओरडलेलं पोर दिसत होतं. त्या पोराचा त्याला असा हेवा वाटला, जसा आजवर कोणाचा, भोंग्याचाही, वाटला नव्हता.

"परत सांग," तो म्हणाला. "बाप उचलून घेतो ना, तिथपासून."